नाताळच्या जेवणाचं टेबल: ताजी फुलं, केळीचा खांब आणि घरातलीच भांडी

वाडीतली
नमस्कार मंडळी, डिसेंबर लागला की इथे केकचे नि करंज्यांचे धागे लगेच वर येतात, टेबलाच्या सजावटीवर कुणी काही लिहीत नाही म्हणून मीच धागा काढतेय. आमची वसईला वाडी आहे, केळी आणि फुलं दोन्ही, त्यामुळे नाताळच्या दुपारी जेवायला माणसं जमली की टेबलावर काय मांडायचं ते वाडीत एक चक्कर मारली की ठरतं. हल्ली मात्र गावातसुद्धा बऱ्याच घरांत प्लास्टिकची लाल बोरं, चंदेरी झिरमिळ्या आणि कापसाचा बर्फ दिसतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण डिसेंबर म्हणजे आपल्याकडे फुलांचा महिना. शेवंती भरात असते, ॲस्टर असतं, गुलाबाला थंडी मानवते, कुंदा फुललेला असतो, जास्वंद तर बारा महिने. मोगरा आणि सोनचाफा या दिवसांत कमी येतो, मिळाला तरी महाग, त्याच्यामागे लागू नका.

आता मुद्द्याचं. फुलं टेबलावर उभी राहायला काहीतरी आधार लागतो आणि तिथेच सगळे तो हिरवा फोम आणतात. त्याऐवजी केळीचा खांब घ्या. केळ एकदाच घड देते, घड उतरवला की खांब तोडायचाच असतो, म्हणजे फुकट मिळणारी वस्तू, आतून पाण्याने भरलेली, टोचलं की देठ धरून ठेवणारी. साधारण हातभर लांबीचा तुकडा घ्यायचा, जेवणाच्या सहा जणांच्या टेबलाला तेवढा पुरतो. बाहेरची काळपट, फाटलेली सोपटं काढून टाकायची की आतून पांढरा-पोपटी गुळगुळीत खांब निघतो. खालच्या बाजूने लांबीला एक पातळ काप काढायचा म्हणजे तो लोळत नाही, टेबलावर बसतो. हे सगळं करताना सुरीला आणि हातांना खोबरेल तेल चोळून घ्या कारण केळीचा चीक भयंकर, हाताला काळा होतो आणि कपड्यावर पडला तर तो तपकिरी डाग काही केल्या जात नाही. म्हणून कापलेला तुकडा दोनेक तास अंगणात किंवा मोरीत उभा करून ठेवायचा, चीक आणि पाणी निथळू द्यायचं, मग टोकं पुसून लांबट ताटात नाहीतर ट्रेमध्ये ठेवायचा. थेट टेबलक्लॉथवर कधीच नाही, पांढऱ्या कापडावर तर नाहीच नाही.

मग बांबूच्या काडीने किंवा विणायच्या सुईने भोकं पाडायची, तिरकी, दोन इंच खोल. आधी पानं. कडेने जवळजवळ आडवी टोचत जायची म्हणजे खांब आणि ताट दोन्ही झाकलं जातं, मी सुरूच्या कोवळ्या फांद्या आणि तगरीची पानं घेते. त्यानंतर मोठी फुलं, लाल गुलाब किंवा लाल शेवंती, एका ओळीत नको, एक उंच एक बुटकं असं. मधल्या जागेत पांढरी बारकी शेवंती नाहीतर कुंद्याची टोकं. देठ तिरका कापून लगेच टोचायचा, वाट बघत ठेवायचा नाही. उंची एवढीच की समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, कोपर टेबलावर टेकून मूठ उभी धरा, फुलं त्याच्या वर जायला नकोत. शेवटी हाताने पाणी शिंपडायचं. शेवंती यात दोन दिवस आरामात राहते, गुलाब एक दिवस छान आणि दुसऱ्या दिवशी बरा.

तुमच्याकडे काय करता ते लिहा, फोटोंपेक्षा कृती लिहिलीत तर जास्त उपयोग होईल.

निंबोणी
वा, फारच छान लिहिलंय ताई. आम्ही ख्रिश्चन नाही पण मुलांच्या शाळेमुळे आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे नाताळ आमच्या घरी दरवर्षी होतो. प्रश्न असा की पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी केळीचा खांब आणायचा कुठून? सत्यनारायणाला चार खांब मिळतात ते अगदी बारीक असतात, त्यात फुलं टोचली तर फाटतील ना?

वाडीतली
निंबोणी, तेच बारीक खांब घ्या, पूजेचं साहित्य विकणाऱ्यांकडे सांगून ठेवलं तर मिळतात. एकेकटा वापरायचा नाही, तीन खांब शेजारी शेजारी ठेवून दोन्ही टोकांना सुतळीने घट्ट बांधायचे, तराफा करतो तसे. मग ते लोळतही नाहीत आणि खालचा काप काढायचीही गरज नाही. भोकं खांबात पाडण्यापेक्षा दोन खांबांच्या फटीत देठ घाला, जड फूल असेल तरच खांबात टोचा. आणि वरची पानं फेकू नका, ती कापून ताटाखाली पसरा, फक्त पानाचा देठाकडचा भाग काढून टाका, चीक तिथून गळतो.

हिरवळ
धागा आवडला. मी फुलशेतीचं शिक्षण घेतलंय आणि मावळात पॉलिहाऊसवर काम केलंय म्हणून थोडी भर घालतो. आधार कुठलाही घ्या, फूल टिकणार की नाही हे आदल्या रात्री ठरतं. बाजारातून फुलं आणली की ती कित्येक तास बिनपाण्याची असतात. घरी आल्या आल्या देठाचं खालचं इंच-दीड इंच टोक तिरकं कापा, गुलाब असेल तर देठ पाण्यात बुडवून पाण्यातच कापा, कारण हवेत कापला की देठाच्या नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात, पाणी घाण करतात आणि घाण पाण्याने देठ तुंबतो. मग रात्रभर बादलीत, काळोखात, पंख्यापासून लांब. दुसऱ्या दिवशी सजावट करा. एवढं केलं तर साखर, ॲस्पिरीन, नाणं वगैरे काहीही टाकायची गरज नाही, रोज पाणी बदला बास.

जरबेरा वेगळा आहे. त्याचा देठ मऊ, केसाळ आणि आतून पोकळ, त्याला खोल पाण्यात ठेवलं की कुजतो, दोन इंच पाणी पुरे. केळीच्या खांबात जरबेरा टोचायचा तर आधी भोक मोठं पाडून घ्या, जोर लावून टोचलात तर देठ चेपतो आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

अजून एक, नाताळच्या टेबलावर फळांची परडी असतेच आणि तिच्यात पिकलेली केळी, सफरचंद, चिकू असतात. ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही, पाकळ्या आत मिटतात आणि फूल झोपल्यासारखं दिसतं. फुलं आणि फळं टेबलाच्या दोन टोकांना ठेवा, रात्री तर वेगळ्या खोलीत.

साधीसुधी
हिरवळदादा, गुलाबाने मान टाकली तर परत उभा करता येतो का? गेल्या वर्षी आदल्या रात्री मस्त होते आणि मध्यरात्रीची मिस्सा करून आलो तर सगळे खाली बघत होते.

हिरवळ
बऱ्याचदा येतो, फूल म्हातारं नसेल तर. देठ परत पाण्यात कापा, पूर्ण गुच्छ वर्तमानपत्रात सरळ घट्ट गुंडाळा म्हणजे माना ताठ राहतील आणि गळ्यापर्यंत कोमट पाण्यात एक-दोन तास ठेवा. पाणी चढलं की उठतो. खरेदी करतानाच फुलाच्या खाली पाकळ्या जिथे जोडलेल्या असतात तिथे हलकं दाबून बघा, घट्ट लागलं तर ताजं, पिचपिचीत लागलं तर सोडून द्या.

किनारपट्टी
मी सासष्टीतला, गोव्यातून. आमच्याकडे टेबलापेक्षा गोठ्याला जास्त मान, म्हणजे बाळ येशूचा देखावा. त्या गोठ्यासाठी घरोघरी नाचणी रुजवतात, तिचं बारीक हिरवं गवत होतं आणि त्यात मेंढरं उभी करायची. आमची आई तीच नाचणी टेबलावरपण ठेवते म्हणून लिहितो, कृती अगदी सोपी. नाचणी रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी उथळ ताटलीत किंवा मातीच्या परळात बोटभर माती नाहीतर ओलं गोणपाट घालायचं, वर नाचणी दाट पसरायची, एकावर एक नाही पण मधे जागा राहायला नको. वरून ओलं फडकं झाकायचं, मोड आले की फडकं काढायचं. पाणी हाताने शिंपडायचं, ओतलं की नाचणी एका बाजूला वाहून जाते. दहा-बारा दिवसांत दोन-अडीच इंच गालिचा होतो, म्हणजे १२-१३ डिसेंबरला पेरा. गहू लावले तर सात-आठ दिवसांत येतात पण ते उंच आणि दांडगे, मग कात्रीने कापून सारखे करावे लागतात. नाचणीचं गवत नाजूक, त्यात अबोलीची किंवा शेवंतीची फुलं नुसती ठेवली तरी नजर हटत नाही, त्याला खांबबिंब काही नको. नेवऱ्यो आणि दोदोलाच्या ताटांमधे हे हिरवं परळ एवढं शोभतं की विचारू नका.

निंबोणी
अरे हे तर घटस्थापनेला आम्ही पेरतो तेच की! परळ, माती, धान्य सगळं तेच, मला येतं हे. नाचणी नक्की करणार.

किनारपट्टी
बरोबर, फक्त घटाचं धान्य काळोखात पिवळं वाढलेलं चालतं, इथे हिरवं पाहिजे म्हणून मोड आल्यावर खिडकीत ठेवा आणि रोज परळ फिरवा, नाहीतर सगळं गवत एकाच बाजूला झुकतं.

चौकट
मी डेकोरेशनची कामं करतो, लग्नाचे हॉल, चर्च, सगळं. धागा चांगला आहे पण फोमबद्दल एवढं वाईट बोलू नये असं वाटतं. पन्नास टेबलं एका रात्रीत लावायची असतात तेव्हा केळीचा खांब कापत कोण बसणार. फोम पाणी धरतो, देठ जिथे टोचला तिथेच राहतो, वाकडा उभा कसाही. उंच अरेंजमेंट तर खांबावर होणारच नाही.

वाडीतली
चौकट दादा, तुमच्या धंद्याची अडचण कळते, पण हा धागा घरातल्या एका टेबलाचा आहे आणि तिथे फोमची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. तो फोम म्हणजे प्लास्टिकच, फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं, हाताने चुरला की पिठासारखा होतो आणि ते पीठ पाण्याबरोबर मोरीतून जातं, कुजत नाही. आमच्या वाडीत विहिरी आहेत, बावखलं म्हणजे छोटी तळी आहेत, ते पीठ शेवटी तिथेच येणार. इंग्लंडमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केलाय आणि ती प्रदर्शनं काही लहान नसतात, उंच उंच रचना असतात. म्हणजे होऊ शकतं.

चौकट
ते लोक जाळी वापरतात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिचा बोळा करून भांड्यात बसवायचा आणि जाळीच्या भोकांतून देठ घालायचे, वरून भांड्याला चिकटपट्टी. खरं सांगायचं तर मीही मोठ्या कुंड्यांना तेच करतो, फोमपेक्षा स्वस्त पडतं आणि जाळी परत परत वापरता येते. घरी करायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात हातभर जाळी मिळते, कापताना हातमोजे घाला, टोकं लागतात. उंच पितळी तांब्यात किंवा चिनीमातीच्या बरणीत हा बोळा बसतो, तिथे केळीचा खांब जाणार नाही.

वाडीतली
हे फार कामाचं सांगितलंत, धन्यवाद. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या प्रत्येक घरात असतात.

खिडकी
पॉईनसेटियाबद्दल कोणी सांगेल का? नर्सरीतून लाल कुंडी आणली होती, यंदा तेच झाड बाल्कनीत हिरवंगार आहे, एकही लाल पान नाही. आणि ती लाल पानं तोडून टेबलावर लावली तर चालतात का?

हिरवळ
बाल्कनीत रात्री दिवा असतो का, किंवा समोर रस्त्यावरचा दिवा? पॉईनसेटियाला लाल व्हायला लांब रात्र लागते, रोज १४ तासांच्या आसपास सलग काळोख आणि तो दीड-दोन महिने. मधेच ट्यूबलाईट पडला तरी गडबड होते. सप्टेंबर संपता संपता झाड संध्याकाळी खोक्याने झाकायला लागायचं आणि सकाळी उघडायचं, नाताळपर्यंत लाल होतं. मूळ झाड मेक्सिकोतलं, तिथून १८२० च्या दशकात अमेरिकेचा तिथला राजनैतिक प्रतिनिधी पॉईनसेट याने ते आपल्या देशात नेलं म्हणून हे नाव पडलं. लाल दिसतात ती पानंच, फूल म्हणजे मधले पिवळे बारके मणी. ते मणी अजून बंद असतील तर झाड ताजं समजायचं, गळून गेले असतील तर लाल पानंही फार दिवस राहणार नाहीत.

तोडून लावायचं तर कापल्यावर पांढरा चीक गळतो, तो थांबवल्याशिवाय पाणी चढत नाही. कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काही सेकंद धरा नाहीतर गरम पाण्यात बुडवा, मग गार पाण्यात. चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, डोळ्याला हात लावू नका. माझं मत विचाराल तर तोडू नका, अख्खी छोटी कुंडी जुन्या तांब्याच्या भांड्यात उतरवून टेबलाच्या मधोमध ठेवा.

दक्षिणायन
मी सिडनीत असते. इकडे नाताळ भर उन्हाळ्यात, ३५ अंशांत सुरूची फांदी आणि मेणबत्ती म्हणजे जीवावर येतं. पण इकडेसुद्धा लोक आता बर्फाचे खोटे तुकडे सोडून इथलीच फुलं लावतात ते मला फार आवडतं. इथे ख्रिसमस बुश नावाचं झाड आहे, वसंतात त्याला पांढरी बारीक फुलं येतात, ती संपली की त्यांच्या खालची निदलं, म्हणजे कळी झाकणारी बारकी पानं, मोठी होतात आणि बरोबर डिसेंबरात लाल-गुलाबी होतात, अख्खं झाड लाल. फुलवाल्यांकडे त्याच्या जुड्या मिळतात, रानातून तोडायला मनाई आहे. मी ती एका बुटक्या काचेच्या भांड्यात घालते आणि सोबत दारातल्या निळ्या ॲगापॅन्थसचे दोन गोंडे. पहिल्या वर्षी लाल-हिरवं सोडून निळं टेबलावर बघून घरच्यांना विचित्र वाटलं, आता त्याच्याशिवाय नाताळ वाटत नाही. उन्हाळ्यासाठी एक सांगते, पाण्यात बर्फाचे खडे घाला आणि पाहुणे येईपर्यंत भांडं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हायड्रेंजा कोमेजला तर सगळं फूलच उलटं करून अर्धा तास पाण्यात बुडवा, तो पाकळ्यांतूनही पाणी घेतो.

साधीसुधी
फ्रीजवरून आठवलं, जास्वंदीचं कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे लाल जास्वंद भरपूर आणि ती संध्याकाळी मिटते म्हणून रात्रीच्या जेवणाला उपयोग नाही असं सगळे म्हणतात. पण सकाळी फूल नुकतं उमलल्यावर तोडा, डब्यात ओल्या कपड्यावर ठेवून फ्रीजमध्ये टाका आणि रात्री आठला बाहेर काढा, जेवण होईपर्यंत उघडी राहतात. हिला पाणीपण लागत नाही, नुसती टेबलावर, ताटाशेजारी, नॅपकिनवर ठेवली तरी चालते. प्रत्येकाच्या ताटाशी एक लाल जास्वंद आणि दोन हिरवी पानं, झाली सजावट, खर्च शून्य.

माझी दोन्ही मुलं लहान आहेत, ती करवंट्यांची कुंडी करतात. नारळ फोडल्यावर डोळ्याकडची नसलेली अर्धी करवंटी, शेंड्या काचेच्या तुकड्याने किंवा पॉलिश पेपरने घासून काढायच्या, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, काळीभोर चमकते. खाली जुनी बांगडी ठेवली की करवंटी हलत नाही. आत पाणी आणि तीन-चार बिनदेठाची फुलं. दिवाळीच्या पणत्या उरलेल्या असतातच, त्यातही एकेक शेवंती तरंगत ठेवतात आणि मधे मधे एखादी पणती खरी पेटवलेली.

चौकट
पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून घ्या नाहीतर माती सगळं पाणी शोषते आणि टेबलावर ओल येते.

निशिगंधप्रेमी
निशिगंध कोणीच का घेत नाही? पांढरा, सुवासिक, दिसायला सरळ, आठवडाभर टिकतो, खालची फुलं सुकली की वरच्या कळ्या उमलतात. नगरकडे आमच्या चर्चमध्ये वेदीवर निशिगंध आणि लाल ग्लॅडिओलस असतातच असतात.

वाडीतली
निशिगंध मला अतिशय आवडतो पण जेवणाच्या टेबलावर नको, दिवाणखान्यात ठेवा, दारात ठेवा. त्याचा वास रात्री वाढतो आणि जेवणाच्या वासावर चढून बसतो. आमच्याकडे नाताळला इंद्याळ असतं, गरम फुग्या असतात, तो वास आधी यायला पाहिजे. लिलीचंही तसंच. लिली लावायचीच असेल तर उमलल्या उमलल्या आतले पिवळे पुंकेसर चिमटीने काढून टाका, त्यांची पूड पांढऱ्या कापडावर पडली की हळदीगत बसते, आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, मांजराला ती विषारी असते, पूड अंगावर पडून चाटली तरी.

याच्यावरून एक महत्त्वाचं राहिलं होतं. कण्हेर दिसायला कितीही गोड असली तरी जेवणाच्या टेबलावर अजिबात नको, सगळं झाड विषारी. आणि बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असतं, ती केकवर किंवा सॅलडवर सजावट म्हणून ठेवू नका. घरची, बिनऔषधाची गुलाबाची पाकळी असेल तर गोष्ट वेगळी.

खिडकी
ॲडव्हेंट रीथ, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत ठेवतात ते पानांचं गोल कडं, घरी कोणी करतं का? आमच्या चर्चमध्ये असते, चार मेणबत्त्यांची, मला टेबलावर छोटी करायचीय.

वाडीतली
आम्ही करतो, आगमनकाळाच्या म्हणजे ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारपासून. तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी, गुलाबी ती तिसऱ्या रविवारी पेटवायची, नाताळला मधे पांढरी लावतात. १८३९ साली हॅम्बुर्गला विचर्न नावाच्या पाळकाने आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी बैलगाडीच्या चाकासारख्या मोठ्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक लहान आणि रविवारची मोठी, मुलं नाताळ कधी नाताळ कधी म्हणून विचारायची म्हणून. तिथून ही पद्धत पसरली.

घरी करायला केळीच्याच सोपटांचा वापर करा. वाळलेली सोपटं ओली करून पिळायची आणि गोल वळायची, चुंबळ करतात तशीच, वरून सुतळी गुंडाळायची. त्यात सुरू किंवा कामिनीच्या फांद्या खोचायच्या. पण चार आठवडे फुलं टिकत नाहीत म्हणून फुलं फक्त रविवारी, बारीक बाटल्यांत पाणी घालून त्या पानांत लपवा आणि एकेक फूल घाला. सुरूची पानं दर आठवड्याला बदला, हे अगदी कटाक्षाने, कारण सुरू वाळला की ठिणगी लागल्याबरोबर भडकतो. मेणबत्त्या काचेच्या ग्लासात ठेवा, पान ज्योतीच्या पातळीवर येता कामा नये आणि टेबलावरून उठताना फुंकर मारूनच उठा. मुलं असतील त्या घरात बाहीचा, केसांचा विचार करून मेणबत्ती मधोमध, कडेला नको.

निंबोणी
फुलं कधी आणि कुठून घ्यायची तेही सांगा ना. गुलटेकडीला जायचा विचार आहे.

हिरवळ
२३ तारखेला पहाटे जा, २४ ला भाव चढलेले असतात आणि चांगला माल संपलेला असतो. एक टेबल असेल तर लाल गुलाबाची एक जुडी, पांढऱ्या काडीच्या शेवंतीची एक जुडी आणि कामिनीची एक एवढं भरपूर झालं. सुटी शेवंती किलोवर मिळते ती हारासाठी असते, देठ नसतो, ती फक्त पाण्यावर तरंगवायला घ्या. मुंबईकरांनी दादरला जावं, तिथेही पहाटे. आणि मार्गशीर्षातला गुरुवार जवळ असेल तर आदल्या दिवशी जाऊ नका, फुलं सगळीच महाग.

वाडीतली
दादरला वसई-विरारकडची माणसं पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन येतात, त्यांच्याकडून घ्या, माल रात्रीच खुडलेला असतो. त्यांना सांगून ठेवलं तर एखादा केळीचा तुकडाही आणून देतील.

दक्षिणायन
वाडीतली ताई, एक शंका. पाहुणे जास्त असतील आणि टेबलावर भांडी मावत नसतील तर मधे खांब ठेवायला जागाच कुठे राहते? आमच्याकडे दरवर्षी तोच प्रश्न.

वाडीतली
मग खांब बाजूच्या कपाटावर ठेवा जिथे केक आणि वाईन असते, आणि टेबलावर फक्त एक हिरवी वेल. पांढऱ्या कापडावर मधोमध मनीप्लँट किंवा आयव्हीची लांब फांदी आडवी सोडायची, देठाचं टोक ओल्या कापसात गुंडाळून वर केळीच्या पानाचा तुकडा बांधायचा, आणि भांड्यांच्या फटीत साधीसुधीने सांगितल्या तशा पणत्या. जेवण वाढायला लागलं की वेल उचलून बाजूला करता येते, कुणाचा हात अडत नाही.

साधीसुधी
जेवण झाल्यावर या खांबाचं काय करायचं? ओल्या कचऱ्यात जाईल का एवढा मोठा?

वाडीतली
लगेच टाकू नका. सुकलेली फुलं तेवढी उपटा आणि त्याच भोकांत नवी घाला, रोज पाणी शिंपडलं तर खांब आठवडाभर ठीक राहतो, म्हणजे थर्टी फर्स्टलाही तोच चालतो, फक्त लालऐवजी पिवळी-पांढरी शेवंती घाला. टोकं काळी पडली की बोटभर काप काढून टाका. शेवटी सुरीने चकत्या करा, ओल्या कचऱ्यात आरामात जातात. कुंड्या असतील तर त्या चकत्या मातीवर पसरा, पाणी धरून ठेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांत कुजून जातात. सुतळी आणि मेणाचे थेंब आधी काढून घ्या.